नौकांच्या ॲपसाठी माहिती-संरक्षण मूल्यांकन: त्यात काय असावे?

धागाकर्ता, रत्नागिरी
प्रत्येक नौकेचे समुद्रातील ठिकाण, डिझेलची उचल आणि खलाशांचे आधार क्रमांक एकाच ॲपमध्ये नोंदवावेत, असा प्रस्ताव आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेपुढे आहे. ॲप सुरू होण्यापूर्वी संस्थेने माहिती-संरक्षण परिणाम मूल्यांकन लेखी करावे, असे माझे मत आहे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातील कलम 35 त्यासाठी चार गोष्टी मागते: माहितीचे काय आणि कशासाठी करणार याचे पद्धतशीर वर्णन, त्या हेतूसाठी ते खरोखर आवश्यक आणि प्रमाणात आहे का याची तपासणी, माणसांच्या हक्कांना असलेले धोके आणि त्यांवरचे उपाय. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम 10 हक्कांचे व हेतूचे वर्णन आणि धोक्यांचे मूल्यमापन व व्यवस्थापन मागते; आवश्यकतेची तपासणी तिथे वेगळी सांगितलेली नाही. मला मात्र तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

कर सल्लागार, मालवण
मी असहमत आहे. कलम 10 केंद्र सरकारने ‘महत्त्वपूर्ण’ म्हणून अधिसूचित केलेल्या, माहिती हाताळणाऱ्या संस्थांनाच लागू होते आणि या कायद्याखालील 2025 च्या नियमांनुसार त्यांनाच दर बारा महिन्यांनी मूल्यांकन व लेखापरीक्षण करावे लागते. एका सचिवावर आणि एका कारकुनावर चालणारी संस्था कुणाचा तरी तयार नमुना उतरवून घेईल आणि सभासदांना खोटा दिलासा मिळेल. त्यापेक्षा स्पष्ट सूचना, संमती आणि माहितीची सुरक्षा यांकडे लक्ष द्यावे. ही बंधने लहान संस्थांनाही आहेत आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

नौकामालक, हर्णै
सुरक्षेने माझी अडचण सुटत नाही. कोणत्या महिन्यात, किती वाव पाण्यात सुरमई लागते हे तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, अनेक वर्षांच्या अनुभवातून मिळवलेले ज्ञान आहे, आणि हंगामभराच्या मार्गांची नोंद म्हणजे ते ज्ञानच दुसऱ्याच्या हाती देणे. ती नोंद कुणी चोरण्याचीही गरज नाही, कारण कार्यालयात बसणाऱ्याला ती पाहण्याची परवानगीच असेल. हा धोका तयार नमुन्यात सापडणार नाही. बंदरावर विचारले तरच कळेल.

कर सल्लागार, मालवण
पण वादळात नौका कुठे आहे हे समजणे जीव वाचवणारे आहे. कागद पूर्ण होईपर्यंत ते थांबवायचे का?

धागाकर्ता, रत्नागिरी
थांबवू नये, आणि आवश्यकतेची तपासणी उपयोगी पडते ती इथेच. शोध आणि बचावासाठी नौकेचे शेवटचे ठिकाण पुरते, हंगामभराचा मार्ग लागत नाही. डिझेलच्या परताव्यासाठी उचल आणि पावत्या लागतात, ठिकाण लागत नाही. प्रत्येक नोंद कोणत्या कामासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार हे ओळीने लिहिले की निम्मी माहिती गोळाच करू नये असे दिसेल.

माजी संचालक, देवगड
खलाशांचा मुद्दा राहून गेला. नेपाळहून आणि कर्नाटकातून आलेला माणूस मालकासमोर ‘नको’ म्हणू शकेल का? नेपाळी खलाशाकडे आधार नसेल तर त्याला काम नाकारायचे का, हेही धोक्यांत लिहिले पाहिजे. आपल्या कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्या अनुसूचीत मराठी व कोंकणीबरोबर कन्नड आणि नेपाळीही आहेत. बाधित व्यक्तींचे मत योग्य तेथे घ्यावे, असे जीडीपीआरचे कलम 35 सुचवते. मग ते मत खलाशांकडून मालकाच्या अनुपस्थितीत, त्यांच्याच भाषेत घ्यावे.

कर सल्लागार, मालवण
हा मुद्दा मान्य आहे, आणि आवश्यकतेची तपासणी ॲप पुरवठादाराशी करार होण्यापूर्वी व्हावी हेही, कारण नंतर रचना बदलणे संस्थेला परवडणार नाही. दरवर्षीच्या मूल्यांकनाला मात्र माझा विरोध कायम आहे. नोंदींचा हेतू किंवा त्या पाहणारे बदलले, तरच ते पुन्हा करावे.