मदत हवी आहे: चेक शाळा, जर्मन शाळा आणि रोमा मुलं

एमएच्या सेमिनारला चेक राष्ट्रवाद आणि शिक्षण असा विषय घेतलाय आणि आता त्यात पार बुडालेय, इथे मध्य युरोपवर कोणी काम केलंय का? सुरुवात बरी जमलीये. 1880 मध्ये चेक आणि जर्मन दोघांनीही आपापल्या शाळांसाठी संस्था काढल्या, 1882 ला प्रागचं विद्यापीठच भाषेवरून दोन झालं, आणि 1905 च्या मोराव्हियातल्या (चेक भूमीतला एक प्रांत) कायद्याने तर ज्या मुलाला शाळेची भाषा येत नाही त्याला तिथे प्रवेशच नाही असं ठरवलं, मग चेक स्कूल बोर्डं जर्मन शाळांतून 'आपली' पोरं परत मागायला लागली. गंमत म्हणजे खेड्यापाड्यांत चेक आणि जर्मन कुटुंबं भाषा शिकावी म्हणून काही काळ मुलांची चक्क अदलाबदल करायची!! आईबापांना दोन्ही भाषा हव्या होत्या, भांडण पुढाऱ्यांचं, असं आपलं माझं मत.

अडलंय ते पुढे. ओस्त्राव्हा या चेक शहरातल्या 18 रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे) मुलांची केस आहे ना, टेस्ट घेऊन 'स्पेशल' म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत टाकलेली, 2006 ला हरले आणि 2007 ला स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टाच्या ग्रँड चेंबरमध्ये (मोठ्या खंडपीठापुढे) 13 विरुद्ध 4 ने जिंकले. अर्जदारांच्या आकड्यांनुसार ओस्त्राव्हातल्या स्पेशल शाळांत 56 टक्के मुलं रोमा होती. हे जुन्या भाषावादाचंच शेपूट धरायचं की कम्युनिस्ट काळातल्या धोरणाचं? सर म्हणतात एकच धागा पकड, मला ते ओढूनताणून वाटतंय. 1945 नंतर जर्मन हाकलले गेल्यावर शाळांचं काय झालं यावर इंग्रजीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही सांगा, पीडीएफ असेल तर सोन्याहून पिवळं.