बाबा निम्मं घर सांभाळतात? कुठल्या पुण्यात?

सिंहगड रोडची आई: काल इथे एका बाबांनी लिहिलं, ‘आजचे बाबा निम्मं घर सांभाळतात, बायकांनाच ते दिसत नाही.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची दिवसाला २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. तीही फक्त जे काम करतात त्यांची सरासरी. निम्मं कुठे आलं? माझा नवरा मुलाला बसपर्यंत सोडतो, मनापासून सोडतो. पण पीटीचा गणवेश, पाच वर्षांची लस, गुरुवारी पाणी बंद म्हणून आदल्या रात्री भरायच्या बादल्या, हे सगळं माझ्या डोक्यात. सांगितलं की तो करतो. रोज सांगत कोणी बसायचं?

हिंजवडीकर बाबा: ते पोस्ट माझंच. कोथरूडहून हिंजवडी, येताना वाकडला तास जातो. तरी रात्रीची भांडी माझी, मुलीची वेणी माझी. बायको ती सोडून परत घालते, ‘भांग वाकडा पडलाय’ म्हणते. असं झालं की माणूस हात लावायचा थांबतो. आधी करू द्या, मग हिशेब मागा.

खराडीची: ट्रॅफिकचं रडगाणं पुरे! मीही रोज खराडी गाठते. घरी पोचल्यावर तुम्ही टेकता, मी कुकर लावते.

दोन मुलींची आई: शाळांचं बोला की. फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा, पण पोरीला ताप आला की फोन मला. मीटिंगमधून उठायचं मीच.

घरून काम करणारा: अगदी! वर्गाच्या ग्रुपचं नावच ‘मम्मीज’. मला घ्या म्हटलं, तर ‘बाकीच्या आयांना अवघडल्यासारखं होतं.’ मग वहीचं कव्हर खाकी की निळं, हे मला बायकोकडूनच कळणार.

खराडीची: आमच्या ग्रुपमध्ये बाबा घेतले होते. आठवड्यात राजकारणाचे फॉरवर्ड सुरू झाले.

घरून काम करणारा: त्यांची शिक्षा मला का? चिडायचं तर शाळेवर चिडा.

दोन मुलींची आई: चिडलेच आहे. बदल तुम्हीही मागा, लेखी.

निवृत्त आजी: रजेचं कोणीच बोलत नाही. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना आईला २६ आठवडे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, खासगीतल्याला कायद्याने काहीच नाही. बाळाचं रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे ती शिकते तेव्हा तो ऑफिसात. सवय तिथून लागते.

सिंहगड रोडची आई: रजेचं पटलं. वेणीचंही, नाइलाजाने.

हिंजवडीकर बाबा: ठीक. सोमवारपासून डबा माझा. रोज पोहे दिले तरी बायकोने बोलायचं नाही.

सिंहगड रोडची आई: नाही बोलणार. पण कांदे संपलेत, हे रविवारी रात्री तुम्हालाच आठवलं पाहिजे.