जमीनमालक वारले, खंडाचा करार राहतो की जातो?

नांगरट:
पाच वर्षांच्या लेखी करारावर खंडाने जमीन करतोय. दुसऱ्या वर्षी मालक वारले. महिनाभरात मुलांचा निरोप आला: ‘करार वडिलांशी होता. हे पीक निघालं की जमीन मोकळी करा.’ पहिल्या वर्षी मी पाणी निघावं म्हणून चर खोदले, फुटलेले बांध घातले, शेणखत भरलं. त्या वर्षी हातात काही उरलं नाही, पण हिशोबच पाच वर्षांचा होता. माझं म्हणणं, करार जमिनीवर असतो, वारसांना जमीन मिळते ती त्या करारासकट. वडिलांचं कर्ज मालमत्तेतून फेडावं लागतं, मग त्यांनी दिलेला शब्द का सुटावा?

काळीआई:
मी वारसांच्या बाजूची. वडील गेल्यावर कागद चाळताना कळलं की आमची जमीन आणखी सात वर्षं दुसऱ्याकडे आहे, तीही जुन्या खंडाने. आम्हा भावंडांना कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याला स्वतः शेती करायची आहे, त्याने सात वर्षं काय करायचं? जो वारस खरोखर कसणार आहे, त्याला एक पूर्ण हंगाम आधी सांगून जमीन परत घेता आली पाहिजे.

नांगरट:
विचारायचा प्रश्न येतोच कुठे? तेव्हा मालक ते होते. त्यांनी जमीन विकली असती तर आज परत मागितली असती का?

काळीआई:
विकली असती तर पूर्ण किंमत घरात आली असती. इथे मालकी आमची, कर आम्ही भरायचा आणि पाय ठेवायचा नाही.

दप्तरी:
दोघांनीही आधी करार वाचा. ठरलेल्या मुदतीचा करार बहुतेक कायद्यांत मालकाच्या मृत्यूने संपत नाही, वारस मालकाच्या जागी येतात. पण तशी अट करारातच लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, वारलेल्या माणसाला जमीन फक्त हयातीपुरती मिळालेली होती का? तसं असेल तर त्याने दिलेला खंडही साधारणपणे त्याच्याबरोबर संपतो. अशा वेळी पेरलेलं पीक काढून नेण्याचा हक्क कसणाऱ्याला देणारा जुना नियम अनेक देशांत आहे. तिसरं, सही कुणाची आहे? मालकाच्या वतीने मुखत्याराने केली असेल तर तारीख बघा, कारण साधं मुखत्यारपत्र मालकाबरोबरच संपतं. त्यानंतरची सही टिकत नाही. आणि नांगरट, खंड भरणं थांबवू नका. वारसांत वाद असेल तर कुणा एकाच्या हातात रोख देऊ नका. सगळ्यांच्या सहीची पावती घ्या, नाहीतर ‘खंड थकला’ हेच तुम्हाला काढायचं कारण होईल.

अर्धेली:
तुमच्याकडे निदान कागद आहे. मी अकरा वर्षं तोंडी बोलीवर निम्म्या वाट्याने कसतोय. मालक थकलेत. त्यांच्यानंतर मुलं मला ओळखतील की नाही, माहीत नाही. मालकापुढे कागदाचा विषय काढला तर त्यांना वाटेल, मी त्यांच्या मरणाची वाट बघतोय.

दप्तरी:
तरीही काढा, आणि मुलांना समोर बसवूनच काढा. निदान वाटा, मुदत आणि सोडायची वेळ आली तर किती आधी सांगायचं, एवढं लिहून घ्या. तोंडी बोलीतही बऱ्याच ठिकाणी आगाऊ सूचना लागते, पण बोली होती हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

काळीआई:
नांगरट, एक मानते. चर, बांध, खत यांचा फायदा पुढच्या कसणाऱ्याला मिळणार, त्याचे पैसे वारसांनी द्यायलाच हवेत. आमच्या माणसालाही आम्ही देऊ. पण जमीन मोकळी हवी.

नांगरट:
चराचे पैसे मोजता येतील. सुधारलेल्या जमिनीतून जी तीन पिकं मी घेणार होतो, त्यांचे कोण देणार? मला पैसे नकोत, उरलेली तीन वर्षं हवीत. उद्या करार घेऊन वकिलाकडे जातोय.