दर पंधरवड्याच्या नमुन्यांतला चढउतार ऋतूचा की भरती-ओहोटीचा?

प्रश्न

आमचा एक छोटा गट गेले दीड वर्ष एका नदीमुखातील तीन ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेत आहे. कामाला शिस्त राहावी म्हणून दर दुसऱ्या शनिवारी, सकाळी ठीक आठ वाजता, पृष्ठभागाचा नमुना घ्यायचा असे आम्ही ठरवले आणि ते पाळलेही. तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा जागेवरच मोजतो; नायट्रेट व फॉस्फेटसाठी पाणी गाळून प्रयोगशाळेत देतो. आता आलेख काढल्यावर कोडे पडले आहे. मधल्या ठिकाणी नायट्रेट संथपणे वाढते आणि तितक्याच संथपणे उतरते, परंतु त्याची दोन शिखरे बारा नव्हे, तर साधारण नऊ महिन्यांच्या अंतराने आली आहेत, आणि त्यांतले एक तर भर कोरड्या काळातले आहे. हा ऋतूचा परिणाम मानावा काय? मानायचा नसेल, तर जमवलेली माहिती फुकट गेली असे समजावे काय?

पहिले उत्तर

नऊ महिने हा आकडा वाचताच शंका आली, म्हणून हिशेब करून पाहिला. चंद्रामुळे होणाऱ्या मुख्य भरतीचे आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. चौदा दिवसांत अशी २७ आवर्तने पूर्ण होतात आणि वर सुमारे ३९ मिनिटे उरतात. म्हणजे तुम्ही घड्याळात तीच वेळ पाळलीत, तरी प्रत्येक फेरीला पाणी भरतीच्या चक्रात ३९ मिनिटे पुढे सरकलेले असते. पहिल्या फेरीला आठ वाजता पूर्ण भरती असेल, तर साधारण साडेचार महिन्यांनी त्याच वेळी पूर्ण ओहोटी सापडते, आणि सुमारे २७० दिवसांनी पुन्हा भरती. ओहोटीला मधल्या ठिकाणी नदीचे पाणी पोहोचते व नायट्रेट वाढलेले दिसते. भरतीला समुद्राचे पाणी वर चढते व ते कमी दिसते. तुमच्या आलेखातला ‘ऋतू’ बहुतांशी हाच असावा. शिस्त चुकली नाही, ती चुकीच्या घड्याळाला बांधली गेली एवढेच.

पुढच्या फेऱ्या वार पाहून नव्हे, तर तिथी पाहून ठरवा. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचे अंतर सरासरी १४.७७ दिवसांचे असल्यामुळे तीन वेळा पंधरा आणि एकदा चौदा दिवसांचे अंतर ठेवले, तर भरतीची वेळ व घड्याळाची वेळ दोन्ही जवळजवळ जुळून राहतात. घड्याळही सांभाळणे ऑक्सिजनसाठी आवश्यक आहे, कारण तो पहाटे नीचांकी असतो आणि दुपारनंतर प्रकाशसंश्लेषणामुळे वाढतो; केवळ भरती धरून कधी सकाळी, कधी संध्याकाळी गेलात, तर एक गोंधळ मिटून दुसरा उभा राहील. या पद्धतीची उणीव अशी की नेहमी उधाणच (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासची मोठी भरती-ओहोटी) किंवा नेहमी भांगच (अष्टमीच्या सुमारासची लहान भरती-ओहोटी) पदरी पडते. म्हणून प्रत्येक ऋतूत एकदा तरी सलग २५ तास, दर तासाला क्षारता व ऑक्सिजन मोजून घ्या. एका दिवसातला फरक वर्षभराच्या फरकाएवढा निघाला, तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

दुसरे उत्तर

जुनी माहिती फुकट गेलेली नाही, कारण प्रत्येक नमुन्यासोबत तुम्ही क्षारता मोजली आहे. तारखेऐवजी आडव्या अक्षावर क्षारता घ्या आणि उभ्या अक्षावर नायट्रेट मांडा. नदीचे व समुद्राचे पाणी नुसते मिसळत असेल, तर बिंदू एका सरळ रेषेवर बसतात. बिंदू रेषेच्या खाली झुकले, तर वाटेत नायट्रेट कुठेतरी खर्ची पडते आहे: शैवाल ते वापरत असेल किंवा गाळातील जिवाणू त्याचा वायू करत असतील. बिंदू वर उचलले गेले, तर मधेच कुठून तरी, बहुधा सांडपाण्याच्या तोंडातून, भर पडते आहे. मात्र सगळ्या महिन्यांचे बिंदू एकाच रेषेत कोंबू नका, कारण नदीच्या टोकाचे, म्हणजे समुद्राचे पाणी मिसळण्याआधीचे, नायट्रेटचे प्रमाण वर्षभर स्थिर नसते. पहिल्या जोरदार पावसात कोरड्या काळात जमिनीवर साचलेले सगळे एकदम धुऊन येते. पावसाळी आणि कोरड्या काळाच्या रेषा वेगळ्या काढा. त्या दोन रेषांमधले अंतर हा तुमचा खरा ऋतू.

फॉस्फेट या कसोटीला नीट उतरत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटते व सुटते, त्यामुळे वाकलेली रेषा पाहून लगेच प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये.

तिसरे उत्तर

दोन गोष्टी राहिल्या. ऑक्सिजन मापकात क्षारता भरता की नाही, ते तपासा. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात संपृक्त (हवेतून जास्तीत जास्त विरघळू शकणारा) ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ८.२६ मिलिग्रॅम असतो, तर ३५ क्षारतेच्या (किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार) समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७५. मापक शून्य क्षारतेवर ठेवून खारे पाणी मोजले, तर आकडा सुमारे पाचव्या हिश्शाने फुगतो, आणि तोही नेमका कोरड्या काळात, जेव्हा पाणी खरोखर अडचणीत असण्याचा संभव जास्त.

दुसरे, केवळ पृष्ठभागावर भिस्त ठेवू नका. नदीला पूर असताना गोडे पाणी वर तरंगते, खाली खारे पाणी अडकते आणि तळाला हवा मिळत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेले तळपाणी वरून स्वच्छ व खेळते दिसू शकते. तळापासून अर्ध्या मीटरवरचा एक नमुना प्रत्येक ठिकाणी घ्याच. हात तोकडे पडत असतील, तर एक ठिकाण कमी केलेले चालेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. भरतीचे तक्ते काढून जुन्या तारखांवर ताडून पाहिले: दोन्ही शिखरांच्या आठवड्यांत आठच्या सुमारास पूर्ण ओहोटीच होती. क्षारतेवर मांडल्यावर कोरड्या काळातील जवळजवळ सर्व बिंदू रेषेवर आले. फक्त वरच्या बाजूच्या ठिकाणाचे चार बिंदू सातत्याने वर राहतात. मापक मात्र शून्यावरच ठेवलेला निघाला. तापमान व क्षारता नोंदलेली असल्याने जुने आकडे दुरुस्त करता येतील. पुढच्या फेरीपासून समुद्राकडचे ठिकाण सोडून उरलेल्या दोन्ही ठिकाणी तळाचा नमुना घेऊ, आणि त्या चार बिंदूंसाठी वरच्या बाजूचा काठ ओहोटीच्या वेळी पायी पाहून येऊ.