माहितीपत्रकात ‘मऊ नळी’ लिहावे की ‘मऊ कॅथेटर’?

तापीकाठ : वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिताना एका परिच्छेदावर अडले आहे. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या कॅथेटरांची त्यात तुलना आहे : वॉलेस, कुक यांसारख्या बनावटींची लवचीक आणि टॉमकॅटसारख्या बनावटीची ताठ. मी ‘मऊ नळी’ आणि ‘कडक नळी’ असे लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या भुसावळच्या एका भगिनीने विचारले, “माझ्या नळ्या कडक आहेत, हे सोनोग्राफीत कसे दिसले नाही?” आपल्याकडे ‘नळ्या बंद आहेत’ म्हणजे बीजवाहिन्या बंद आहेत, हे मी विसरून चालणार नव्हते. कोणता शब्द योग्य ठरेल?

गिरणा : ताई, ‘कॅथेटर’च ठेवा. दवाखान्यात तोच शब्द कानावर पडणार आहे. शिवाय त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘खाली सोडणे’ असा आहे आणि डॉक्टरही ‘गर्भ सोडला’ असेच म्हणतात.

पांझरा : भाऊ, व्युत्पत्ती रुग्णाला दिसत नाही. खेड्यातल्या बाईला कॅथेटर म्हणजे लघवीची पिशवी. त्यात या प्रक्रियेआधी, पोटावरील सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसावे म्हणून, मूत्राशय भरलेले ठेवायला सांगतात. मग कॅथेटर घालून लघवीच काढणार, अशी तिची समजूत होणे स्वाभाविक आहे. ‘भ्रूणनलिका’ हा शब्द घडवावा. ‘नल’ म्हणजे पोकळ गवत. शब्द आपला आहे आणि स्वच्छ आहे.

वाघूर : प्रयोगशाळेत काम केल्यामुळे सांगते, ‘मऊ’ आणि ‘कडक’ एवढ्याने तुलना पुरी होत नाही. बहुतेक संचांत दोन भाग असतात : भ्रूण वाहून नेणारी मऊ आतली नळी आणि ग्रीवेतून (गर्भाशयाच्या मुखातून) वाट करून देणारे जरा ताठ बाहेरचे आवरण. वाट वाकडी असेल तर आवरणाचा किंवा आतल्या तारेचा आधार घ्यावा लागतो. मऊ नळीने अस्तराला इजा आणि गर्भाशयाला आकुंचन कमी होते. २००५-०६ मधील, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत मऊ प्रकाराने गर्भधारणेचे प्रमाण अधिक आढळले होते. ते पत्रकात यायलाच हवे.

गिरणा : त्याहून घातक शब्द ‘भ्रूण प्रत्यारोपण’ आहे. डॉक्टर गर्भाशयाच्या माथ्यापासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर अलीकडे भ्रूण सोडतात. रुजणे नंतर, आपोआप घडते किंवा घडत नाही. केळीची लागवड झाली म्हणजे रोप लागले, असे रावेरचा शेतकरी कधी म्हणत नाही.

पांझरा : मग ‘स्थानांतरण’ म्हणा, पण ‘ट्रान्सफर’ नको, ती तलाठ्याची होते.

वाघूर : रुग्ण मात्र ‘ट्रान्सफर’च म्हणतात आणि त्यांना त्यातून नेमके तेच समजते.

तापीकाठ : नळीचा प्रश्न तसाच राहिला आहे. सध्या पहिल्या उल्लेखात ‘भ्रूण सोडण्याची नळी (ही तुमच्या शरीरातील नळी नव्हे)’ असे लिहिते. बाहेरच्या आवरणाला काय म्हणू?

पांझरा : ‘म्यान’.

वाघूर : नको, दादा. म्यान तलवारीचे असते आणि हे पत्रक वाचणारी बाई आधीच धास्तावलेली असते.