पहिलं वाक्य पाठ, बाकी मुद्दे

नोकरीच्या मुलाखतीत स्वतःची करून द्यायची ओळख शब्दन्‌शब्द घोकून जावी, असा सल्ला दिला जातो, पण मला तो अर्धाच पटला. पहिलं वाक्य जरूर पाठ करा, घसा तिथेच कोरडा पडतो. पुढचे मात्र नुसते मुद्दे ठेवा. घोकलेलं बोलताना मध्येच कुणी प्रश्न टाकला की पुढचं आठवतच नाही.

बायोडेटा मुलाखत घेणाऱ्यांसमोर असतोच, त्यामुळे शाळेपासूनचे मार्क वाचून दाखवू नका. आत्ताच्या कामापासून सुरुवात करा, मग थोडं मागे जा आणि शेवटी ही जागा का हवी ते सांगा. 'मी मेहनती आहे' हे सगळेच म्हणतात (आळशी आहे असं कोण सांगणार!). त्यापेक्षा असं काही सांगा: 'ग्राहकांच्या तक्रारी मी बघायचे. एकच तक्रार सारखी येतेय हे लक्षात आल्यावर बिलाचा फॉर्मच बदलून घेतला.' बहुतेकदा पुढचा प्रश्न यावरच येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं.

नवख्यांनी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपबद्दल बोलावं. दीड-दोन मिनिटांत आटपा. छंद विचारले तरच सांगा, आणि 'वाचन' म्हणणार असाल तर सध्या काय वाचताय ते ठाऊक असू द्या.