मदत हवी आहे : बीपीची गोळी वाढवल्यापासून वडिलांच्या पायांवर सूज

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. वडील ६६ वर्षांचे असून त्यांचे उभे आयुष्य टॉवेलच्या मागांवर खरोखरच उभ्याने गेले. त्यांना टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम या रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. मार्चमध्ये रक्तदाब १६८/९६ भरल्यामुळे डॉक्टरांनी अम्लोडिपिन १० केली. रक्तदाब १२८/७८ वर आला, परंतु महिनाभरात दोन्ही घोटे सुजू लागले. सकाळी पाय जवळजवळ पूर्ववत असतात. सायंकाळी मात्र चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो आणि नडगीवर बोट दाबल्यास पडलेला खळगा लवकर भरून येत नाही.

इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) ठीक आले आहेत. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नसल्याने मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी ऊतींत झिरपते. शरीरात पाणी जास्त झालेले नसल्यामुळे लघवीच्या गोळीचा यावर फारसा उपयोग होत नाही, असेही ते म्हणाले.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याने वडिलांनी आम्हाला न सांगता तीन दिवस अम्लोडिपिन बंद ठेवली. सूज उतरली नाही, आणि त्यावरून "गोळीचा संबंधच नाही" असा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तविक या गोळीचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, हे त्यांना पटवताना माझी दमछाक झाली. (शेंगाचटणीतल्या मिठाबद्दल ते कोणाचेच ऐकत नाहीत, तो वेगळा विषय.)

आता मे महिन्याच्या उन्हात आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे : वरचा रक्तदाब बसून मोजल्यास १२६, तर उठल्यावर दोन मिनिटांनी १०४, आणि डोळ्यांपुढे अंधारी.

अम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून टेल्मिसार्टन वाढवल्याने घरात कोणाची सूज उतरली आहे का, आणि किती दिवसांत? उन्हाळ्यापुरता डोस कमी करण्याविषयी आपल्या डॉक्टरांनी काय सांगितले? सोमवारी आम्ही पुन्हा दाखवायला जाणार आहोत. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ, बसून आणि उभ्याने घेतलेल्या नोंदी वहीत लिहून ठेवत आहे. याशिवाय काय मोजून न्यावे, तेही कळवावे. गोळी परस्पर बंद करण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये; तो प्रयोग घरी होऊन गेला आहे.